नवमीची भरती आणि ट्रेंट नदी

फेब्रुवारी २०२३ मध्ये, इथे इंग्लंडमध्ये शाळांना हाफ टर्मची सुट्टी असते तेव्हा, आम्ही पाच जण नॅरोबोटने नेवर्कहून लिंकनला गेलो. त्यातले साधारण १६ मैल ट्रेंट नदीच्या भरती-ओहोटीच्या भागातनं आहेत, आणि त्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. खूप जण विचारतात की थंडीत बोटीवर कशाला गेलात, उन्हाळ्यात जायचं ना. उन्हाळ्यात कालव्यावर आम्ही आधी तीनदा गेलेलो, मजा येते, पण हे प्रकरण वेगळं होतं आणि मला ते नीट सांगायचंय.

आधी कोण कोण ते सांगते. मी आणि नवरा, आमच्या गल्लीतले सांगलीकर आणि वहिनी (वहिनी प्रायमरी शाळेत शिकवतात म्हणून हाफ टर्मशिवाय त्यांना सुट्टीच नाही), आणि बोटीचा मालक, माझ्या जुन्या ऑफिसातला रिटायर झालेला इंग्रज सहकारी. त्याला आम्ही सगळे तांडेल म्हणतो. हा शब्द मी त्याला शिकवला, आमच्याकडे दाभोळ खाडीत बोटीवरच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात, आणि त्याला तो इतका आवडला की आता स्वतःची ओळख करून देतानाही तोच सांगतो. भाड्याची बोट घेऊन हे करता येत नाही बहुतेक, भाड्याने देणारे भरतीच्या नदीत जायला सहसा परवानगी देत नाहीत, त्यामुळे स्वतःची बोट असलेला आणि ती नदी आधी केलेला माणूस बरोबर असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नॅरोबोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, ही लांबच लांब लोखंडी बोट असते, आमची ५७ फूट लांब होती आणि रुंदी फक्त ६ फूट १० इंच, कारण इथल्या बऱ्याच जुन्या कालव्यांची लॉकं (बोट वरखाली न्यायला पाणी भरायची-सोडायची दारांची कोठी) सात फुटांचीच आहेत. तळ सपाट. आत एका रेषेत स्वयंपाकघर, बसायची जागा, कोळशाची शेगडी, बाथरूम, बेड. कालव्यात पाणी जागच्या जागी उभं असतं, चालायच्या वेगाने जायचं, चुकलात तर काठाला टेकता, बांबूने ढकलून परत निघता. नदीत आणि तेही भरतीच्या नदीत पाणी तुम्हाला घेऊन जातं. तिथे इंजिन बंद पडलं तर काठाला बांधायला जागा नाही, उभे चिखलाचे किनारे, आणि ही सपाट तळाची लांबुळकी बोट आडवी होऊन वाहत जाणार. म्हणून तयारी.

तयारीचे तीन आठवडे हाच मला या सगळ्यातला सगळ्यात भरीव भाग वाटतो. तांडेलने इंजिनाचं डिझेल फिल्टर बदललं, कारण टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ नदीच्या पाण्यात बोट हलली की ढवळतो आणि फिल्टर तुंबून इंजिन नेमकं नको तिथे बंद पडतं. एक फिल्टर जास्तीचं जवळ ठेवलं. कूलिंगचं पाणी तपासलं, कालव्यात इंजिन निवांत चालतं, नदीत तासन्‌तास जोरात चालवावं लागतं तेव्हा ते तापतं. नांगर काढून त्याची साखळी डेकवर पसरून कडी कडी बघितली, साखळीला जाड दोर, दोराचं शेवटचं टोक बोटीला पक्कं बांधलेलं आहे ना ते दोनदा बघितलं. हे टोक बांधायचं राहून गेलं आणि नांगर दोरासकट पाण्यात गेला असे किस्से त्याच्याकडे होते. आणि नांगर तयार ठेवायचा म्हणजे कपाटात नाही, हाताशी, गुंता न होता सुटेल असा रचून. आमचे आजोबाही असाच दोर रचायचे, गोल गोल आठ आकड्यात, आणि त्यावर कुणी पाय ठेवला तर ओरडायचे.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, आतबाहेर कुठेही असलात तरी घालूनच. व्हीएचएफ रेडिओ होता, त्याचं लायसन्स तांडेलकडे, लॉककीपर लोक ७४ नंबरच्या चॅनलवर असतात. बोटिंग असोसिएशनचे नदीचे नकाशे होते, ते विकत मिळतात आणि त्यात प्रत्येक वळणाला बोट कुठनं न्यायची त्याची रेघ काढलेली आहे. हे नकाशे मी तीन आठवडे रात्री जेवण झाल्यावर घेऊन बसायचे. नवरा म्हणाला परीक्षा आहे का काय. होतीच की.

आता भरतीचं. ट्रेंट नदी समुद्राला थेट मिळत नाही, ती हंबरच्या खाडीला मिळते, आणि हंबर समुद्राला. भरती हंबरमधनं शिरून ट्रेंटमध्ये वर वर चढत क्रॉमवेल लॉकपर्यंत येते, तिथे बंधारा आहे, त्याच्या वर भरती नाही. म्हणजे समुद्रापासून इतक्या आत, चहूकडे शेतं आणि गाईमेंढ्या, आणि तिथे पाणी दिवसातनं दोनदा वरखाली होतं. वेळा सगळ्या हल बंदराच्या भरतीवरनं काढतात, पण पाणी वर टॉर्क्सीपर्यंत, म्हणजे आम्ही नदी सोडून लिंकनच्या कालव्यात वळणार होतो तिथपर्यंत, पोचायला त्यानंतर बराच वेळ जातो. आणि अजून एक, जितकं आत जाल तितकी भरती झटपट चढते आणि ओहोटी रेंगाळते, दोन्ही सहा सहा तासांच्या नसतात. आमच्या खाडीतही आत गेलं की तसंच होतं पण इतकं नाही.

तांडेलने तारीख काढली १४ फेब्रुवारी, मंगळवार. मी फोनवर कालनिर्णय उघडलं तर आदल्या दिवशी कालाष्टमी, म्हणजे मंगळवारी नवमी. मी त्याला म्हटलं तू भांगाचे दिवस निवडलेस. कोकणात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना माहीत आहे, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी जास्त चढतं जास्त उतरतं आणि ओढ जबरदस्त, भांगाला सगळंच मऊ. त्याच्याकडे यासाठी वेगळे इंग्रजी शब्द, पण गोष्ट तीच. मग मी त्याला आजोबांचं गणित सांगितलं, तिथीची पाऊणपट. तिथीला पाऊणने गुणायचं की आमच्याकडची पूर्ण भरतीची वेळ येते, बारा वाजल्यापासनं मोजायची. नवमी म्हणजे नऊ पाऊणे पावणेसात. अमावास्येला बारा. हे मुंबई-कोकण किनाऱ्याचं झालं, हलचं नाही. तर तो कागद पेन घेऊन बसला आणि त्याच्या छापील तक्त्यात बघून म्हणाला, हलला अमावास्येला सकाळ-संध्याकाळ सहाच्या पुढे भरती असते, म्हणजे तुमच्या गणितात सहा तास मिळवले की झालं. नवमीला पावणेसात अधिक सहा, पाऊण वाजता. तक्त्यातली वेळ त्याच्या आगेमागेच होती! अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही आणि त्यावर कुणी बोट घालू नये, वेळ छापील तक्त्यावरनं आणि लॉककीपरला विचारूनच ठरवायची. पण ज्या माणसाने आयुष्यात रत्नागिरी जिल्हा सोडला नाही त्याचं गणित सहा तासांची भर घालून ट्रेंट नदीला लागू पडलं, तेव्हा मला खरंच भरून आलं. चंद्र एकच ना.

अजून एक गोष्ट मला आजोबांची आठवली आणि तांडेलनेही नेमकी तीच सांगितली. भांग सरून उधाणाकडे जाणारे दिवस निवडायचे, उधाण सरून भांगाकडे जाणारे नाही. कारण चढत्या दिवसात कुठे वाळूत बसलात तर पुढची भरती आधीच्यापेक्षा थोडी जास्त चढते आणि उचलते. उतरत्या दिवसात बसलात तर पुढची भरती कमी, त्याच्या पुढची अजून कमी, मग बसा आठवडाभर. दोन माणसं, दोन देश, एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

सोमवारी संध्याकाळी नेवर्कला किल्ल्याच्या समोर बोट बांधली. किल्ल्याची नदीकडची भिंत आणि दरवाजाची इमारत तेवढी उभी आहे, आत बाग. याच किल्ल्यात ऑक्टोबर १२१६ मध्ये किंग जॉन वारला, आणि त्याच्या थोडेच दिवस आधी वॉशच्या खाडीत त्याचं सामान, असं म्हणतात की खजिना सुद्धा, भरतीच्या पाण्यात गेलं. तांडेलने ही गोष्ट पिठलं-भात खाता खाता सांगितली, म्हणाला राजासाठीसुद्धा भरती थांबली नाही. वहिनींनी पिठल्याला इथल्या बेसनाला शिव्या घालत घालत दोन वेळा फोडणी दिली. शेगडी लालबुंद, कोळसा हा इथला धूर न होणारा गोळ्यांचा मिळतो, आतमध्ये स्वेटर काढून बसायची वेळ आणि खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या आधी दाबून बघायचा हा नियम, आणि कितीही थंडी असली तरी छताची झरोक्याची भोकं बुजवायची नाहीत. सांगलीकरांना रात्री गार वारं लागतं म्हणून त्यांनी त्यात सॉक्स कोंबला होता, तांडेलने तो काढून त्यांच्या हातात दिला आणि शांतपणे समजावलं की बंद बोटीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत असं झालेलं आहे. त्यानंतर कुणी काही बुजवलं नाही.

सकाळी सहाला उठलो तर बाहेर काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, समोरचा किल्ला गायब, दाट धुकं. डेकवर पांढरं दव गोठलेलं, दोर काठीसारखा कडक झालेला. क्रॉमवेल लॉक नेवर्कपासनं पाचेक मैल, तोवर नदी बंधाऱ्यांनी अडवलेली आहे, ओढ कमी, तेवढं आम्ही दिसेल तसं हळूहळू गेलो, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, सांगलीकर हॉर्न घेऊन उभे. हिवाळ्यात लॉककीपर रोज नसतात, आधी फोन करून पॅसेज बुक करावा लागतो, आमचं बुकिंग साडेनऊचं होतं. क्रॉमवेलला पोचलो तर लॉककीपर म्हणाला थांबा. धुक्यात मी तुम्हाला खाली सोडत नाही. अकरापर्यंत उठलं तर जा, अकराच्या पुढे नाही, कारण मग टॉर्क्सीच्या अलीकडे भरती समोरनं भेटेल आणि तिथे वळायचा सगळा हिशोब उलटा होईल.

मग थांबलो. आपल्याकडे म्हणतात तसं पाणी कुणासाठी थांबत नाही, पण माणसाला पाण्यासाठी थांबावं लागतं, आणि तो एक तास मला फार मोठा वाटला. लॉकच्या शेजारी एक छोटी बाग आहे, तिथे स्मारक आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये रात्रीच्या सरावाला निघालेल्या टेरिटोरियल आर्मीच्या बोटी ट्रेंटवरनं येत होत्या, त्यातली एक अंधारात लॉककडे न वळता बंधाऱ्यावरनं खाली गेली आणि दहा जवान बुडाले. दहा. आम्ही तिथे उभे होतो आणि बंधाऱ्याचा आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं, फक्त तो एकसारखा धो धो आवाज. वहिनींनी हात जोडले. आदल्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की लॉककीपर, बुकिंग, रेडिओ हे सगळं जरा जास्तच नियमाचं आहे. त्या बागेत उभं राहिल्यावर ते वाटणं गेलं.

साडेदहाच्या सुमाराला धुक्याला वरनं उजेड आला, मग सूर्य दिसायला लागला, एखाद्या फिकट नाण्यासारखा. नवमीचा अर्धा चंद्र तोवर मावळलेला, पण तोच आम्हाला घेऊन जाणार होता. पावणेअकराला हिरवा दिवा लागला, लॉकची अवाढव्य दारं उघडली (या लॉकात आमची ५७ फुटी बोट म्हणजे हौदात चमचा), पाणी उतरलं आणि पुढची दारं उघडली तेव्हा पहिल्यांदा नदी दिसली. रंग वेगळा. वरच्या अंगाला हिरवट-काळं पाणी, इथे मातकट. काठाला ओल्या चिखलाचा चकाकता पट्टा, पाणी उतरल्याची खूण. वास पण तोच हो, खाडीचा, सुकतीला येतो तो. मी कितीतरी वर्षांनी तो वास घेतला, आणि तोही नॉटिंगहॅमशायरमध्ये.

पहिला तास तांडेलने सुकाणू धरलं. कालव्यात ताशी तीन-चार मैल जाणारी बोट फोनवर साडेसहा दाखवत होती आणि इंजिन तेवढंच चालत होतं, बाकीचं ओहोटीचं. दोन्हीकडे पुराचे उंच बांध, त्यामुळे गावं दिसत नाहीत, चर्चचे कळस तेवढे बांधावरनं डोकावतात. माणूस नाही. एक बाई कुत्र्याला घेऊन बांधावर होती तिने हात केला, बस. वाळलेल्या विलोच्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, राजहंस, आणि एका ठिकाणी चिखलात बगळा इतका स्थिर की वहिनी म्हणाल्या पुतळा आहे. थंडी अशी की डोळ्यातनं पाणी यायचं आणि गालावर गार व्हायचं. मी दोन हातमोजे, त्यावर नवऱ्याचे मोठे हातमोजे, कानटोपी, त्यावर आईची जुनी लोकरी शाल असं सगळं बांधून उभी. दर वीस मिनिटांनी आतनं आल्याचा चहा बाहेर यायचा. तो कप दोन्ही हातात धरून उभं राहणं हे मला आजही आठवलं की बोटांत ऊब येते.

मग तांडेल म्हणाला, घे. सुकाणू म्हणजे नॅरोबोटीला मागे एक लांब दांडा असतो, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे. हे मला येत होतं, कालव्यात केलेलं. पण नदीत तो दांडा जिवंत असतो, पाणी त्याला सतत ओढतं, हाताला कळतं खाली काय चाललंय. मला ते लगेच आवडलं. दोन वळणं छान घेतली. तिसरं वळण उजवीकडे होतं, मोठं, आणि समोर रिकामी नदी, कुणी नाही, आणि मी काय केलं तर आतल्या बाजूने सरळ काढली. रस्त्यावर गाडी चालवताना काढतो तशी. नकाशात रेघ बाहेरच्या बाजूने होती, मला पाठ होती, तरीही.

आधी आवाज बदलला. इंजिनाचा आवाज जड झाला, जसं काही कुणी मागून बोट धरलीय. मग मागचा भाग खाली बसायला लागला, अगदी थोडा, पण पायाला कळलं. मी मागे वळून बघितलं तर आमच्या मागची लाट, जी इतका वेळ सपाट पसरत होती, ती एकदम उभी राहिली होती आणि काठाच्या चिखलावर फुटत होती. पाणी उथळ झालं की असं होतं, बोटीला खालनं पाणी ओढून घ्यायला जागा उरत नाही. आणि उजव्या बाजूला, दहा-बारा हातांवर, पाण्याचा रंग फिका होता आणि त्यावर बारीक बारीक सुरकुत्या. वाळू. मला एका क्षणात आजोबांचा हात दिसला, होडीतनं बोट दाखवणारा, पाणी हसतंय तिथे जायचं नाही असं म्हणायचे ते. सुरकुत्यांना ते हसणं म्हणायचे.

तांडेल ओरडला नाही, फक्त म्हणाला इंजिन कमी कर, आणि बाहेर काढ. माझं डोकं सांगत होतं जोर लाव, पळ, पण जोर लावला की बोटीची मागची बाजू अजून खाली बसते, म्हणून आधी कमी करायचं. मी कमी केलं, मागचा भाग उचलला गेला, दांडा उजवीकडे पूर्ण दाबून धरला, आणि नाळ हळूहळू, फार हळूहळू, डावीकडे वळायला लागली. तळाला काहीतरी खरखरलं. तो आवाज लोखंडातनं पायात येतो. मग थांबला. मग पाणी खोल झालं, गडद झालं, लाट परत सपाट झाली.

अडकलो असतो तर ओहोटी चालू होती, पाणी उतरतच जाणार, म्हणजे भरती येईपर्यंत काही तास तिथेच, त्या थंडीत, आणि भांगाची भरती, ती तरी पुरेशी चढली असती की नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी वेगाने जातं आणि तळ खरवडून खोल करतं, आतल्या बाजूला सावकाश जातं आणि गाळ टाकत जातं, हे आपण सातवी-आठवीत भूगोलात शिकलो, चित्र सुद्धा काढलं. चित्र काढणं वेगळं. मी दांडा तांडेलला द्यायला लागले तर त्याने घेतला नाही. म्हणाला, पुढचं वळण डावीकडे आहे, सांग कुठनं नेशील. मी म्हटलं उजव्या काठाने. म्हणाला मग ने. टॉर्क्सीपर्यंत मीच नेली.

पुढचं भराभर. फ्लेडबरोचा रेल्वेचा जुना पूल, आता त्यावर सायकली जातात. डनमचा टोलचा पूल, वर गाड्या टोल द्यायला थांबलेल्या आणि आम्ही खालनं फुकट, त्याच्या शेजारीच लिंकनला पाणी नेणाऱ्या पाइपचा पूल. आणि लांबनं, कधीपासून, कॉटमच्या वीजकेंद्राचे आठ कूलिंग टॉवर. नदी इतकी वळते की ते कधी समोर, कधी डावीकडे, एकदा तर मागे. ट्रेंटच्या काठाने कोळशाची इतकी वीजकेंद्रं होती की या भागाला मेगावॉट व्हॅली म्हणायचे. कॉटम २०१९ मध्ये बंद झालं, आम्ही गेलो तेव्हा टॉवर नुसते उभे होते, वाफ नाही, आवाज नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते पाडले. मी व्हिडिओ बघितला आणि खरं सांगते वाईट वाटलं, त्या दिवशी वाट दाखवायला तेच होते.

टॉर्क्सीला वळणं हा शेवटचा पेपर. फॉसडाइक कालव्याचं तोंड उजव्या काठाला आहे, आणि ओहोटीबरोबर येताना सरळ आत वळलात तर नाळ शांत पाण्यात आणि मागचा भाग अजून ओढीत, पाणी बोट आडवी फिरवून टाकतं. म्हणून तोंडाच्या पुढे जायचं, नदीच्या मधे पूर्ण वळून नाळ प्रवाहाच्या तोंडावर आणायची, मग इंजिन प्रवाहाइतकंच चालवायचं म्हणजे बोट जागच्या जागी उभी राहते, आणि मग तिरकी करून सावकाश आत सरकवायची. हे मात्र तांडेलने केलं आणि मी नुसती बघत राहिले. ५७ फूट लोखंड पाण्यात स्थिर उभं, शेजारून पाणी धावतंय, आणि मग इंच इंच बाजूला. आमच्याकडे होडीवाले तरीला हेच करायचे, वल्ह्याने. नवरा म्हणाला श्वास घे. मी धरून ठेवला होता.

पॉन्टूनला (तरंगत्या धक्क्याला) दोर टाकला आणि पंधरा-वीस मिनिटांनी मी पाण्याकडे बघत होते तेव्हा एक पान चिखलाच्या कडेला वाहता वाहता थांबलं. तिथेच गोल फिरलं. आणि परत यायला लागलं. भरती आली होती. लाट नाही, आवाज नाही, एवढंच, एक पान.

टॉर्क्सीच्या शेतांत ८७२-८७३ च्या हिवाळ्यात व्हायकिंगांच्या मोठ्या फौजेने तळ ठोकला होता. नांगरलेल्या जमिनीत त्यांच्या सोंगट्या, वजनं आणि चांदीच्या अरबी दिरहमांचे तुकडे सापडले आहेत. कुठनं कुठे आलेली चांदी! आणि ते आले याच नदीने, हीच भरती पकडून आले असणार असं मला वाटतं, नाहीतर वल्ही मारत इतकं आत येणं सोपं नाही. त्यांच्याकडेही कुणीतरी चंद्र बघणारा आजोबा असेल.

पुढे लॉक चढून फॉसडाइक, हा कालवा रोमन लोकांनी इ.स. १२० च्या सुमारास खणला असं मानतात. सरळ, शांत, पाणी उभं. रात्री सॅक्सिलबीला मेतकूट-भात आणि तूप खाऊन सगळे नऊला झोपले, मला झोप लागली नाही, डोळे मिटले की हाताला दांड्याची ओढ जाणवायची. बुधवारी सकाळी लिंकनचं कॅथेड्रल टेकडीवर दिसायला लागलं आणि दुपारी ब्रेफर्ड पूलला, म्हणजे लिंकनमधल्या तळ्यात, बोट बांधली. शनिवारी महाशिवरात्र, तोवर घरी आलेलो, सोमवारी सोमवती अमावास्या. उधाणाचे दिवस. घरात बसून मी मनातल्या मनात नदीत पाणी किती चढलं असेल त्याचा हिशोब करत होते.

एक गोष्ट बाकी होती. मार्चमध्ये, विषुवदिनाच्या आसपासच्या मोठ्या उधाणाला ट्रेंटमध्ये भरती लाटेच्या रूपाने येते, तिला तिथे ईगर म्हणतात, नॉर्स लोकांच्या एगिर या समुद्रदेवावरनं नाव पडलं असं सांगतात. मोठी असेल तर पाच फुटांपर्यंत. त्या वर्षी गुढीपाडवा २२ मार्चला होता, म्हणजे आदल्या दिवशी अमावास्या आणि तीही विषुवदिनाला चिकटून. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी उधाण सगळ्यात जोरात असतं. शुक्रवारी, तृतीयेला, ऑफिसात उशिरा येते म्हणून सांगितलं आणि आम्ही पाचही जण पहाटेच गाडीने गेन्सबरोला गेलो, नदीकाठी उभे राहिलो. डेन्मार्कचा स्वेन आणि त्याचा मुलगा क्नूट १०१३ मध्ये इथे तळ ठोकून होते. भरतीला थांब म्हणणाऱ्या क्नूट राजाची गोष्ट इथलीच आहे असं गेन्सबरोचे लोक मानतात.

आधी आवाज आला, लांबनं, कुणी कोरडी पानं ओढत आणतंय असा. मग वळणावरनं ती आली, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक सलग वळी, गुडघाभर उंच असेल, काठाला फुटत आणि मधे गुळगुळीत, तिच्या मागे अजून चार-पाच वळ्या. आमच्या समोरनं गेली आणि एकदम सगळी नदी उलटी वाहायला लागली. मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता, तिला नीट दिसत नव्हतं, ती विचारत होती काय गो, काय आलं. मी फोन पाण्याकडे धरला. सकाळपासनं खाली समुद्राकडे चाललेला एक ओंडका मधोमध अडखळला, टोक फिरवलं आणि परत वर, आम्ही आलो त्या दिशेला निघाला. आई म्हणाली, भरली वाटतं.